सहा फुटी खाट

धाकूकाकांनी आयुष्यात एक खिळा विकत घेतला नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये आणि नावं ठेवायलाही नाही. वाकोल्याच्या चाळीत त्यांची खोली आणि माझी खोली, मध्ये एक पत्रा. मला जाग यायची ती त्यांच्या ठोकण्यानं. रस्त्यात सापडलेले, मंडपवाल्यानं टाकलेले, कुणाच्या मोडक्या खुर्चीतले असले वाकडे खिळे ते उंबऱ्याबाहेरच्या दगडावर सरळ करत बसायचे. डाव्या हाताच्या दोन बोटांत खिळा, उजव्यात हातोडी, नखं कायमची काळी.

"काका, हार्डवेअरच्या दुकानात नवे मिळतात हो," मी वैतागून म्हणायचो.

"ह्येच्यात भागता मेल्या," ते म्हणायचे आणि पुढचा खिळा घ्यायचे.

'भागता' हा त्यांचा शब्द. मालवणी माणूस, गिरणीत साच्यावर कापड विणायचे. गिरणी बंद पडली तेव्हा निलेश मांडीवर होता. मग अंधेरीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. त्या पगारात घर चालवायचं म्हणजे काका सांगतील तसंच चालवायचं. निलेशचं दप्तर तांदळाच्या गोणीचं होतं, काकांनी स्वतःच्या हातानं शिवलेलं, पट्टे जुन्या बेल्टचे. गोणीवरचा लाल कोंबडा किती धुतला तरी गेला नाही. शाळेत पोरं निलेशला कोंबडा म्हणायची. मीही म्हणायचो, खोटं कशाला बोलू. एकदा तो दप्तर गटारात टाकून आला. काकांनी ते काढलं, धुतलं, वाळवलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच्या पाठीला लावलं. दहावीपर्यंत कोंबडा पाठीवरच होता.

आणि जानकीकाकूंचं मनगट. नळावर पाय घसरून त्या पडल्या, डावा हात मोडला. सरकारी हॉस्पिटलात गेलं की अख्खा दिवस जातो, कामावर खाडा पडतो. काकांनी आंब्याच्या पेटीच्या पट्ट्या तासल्या, आंबेहळदीचा लेप दिला आणि हात बांधला. बांधला मात्र सुबक. चाळीतल्या बायका बघायला आल्या होत्या. दीड महिन्यानं सोडला तर मनगट बाहेरच्या अंगाला वळलेलं.

"हालता मां?" काकांनी विचारलं.

काकूंनी बोटं हलवून दाखवली.

"मग भागता."

त्या हातानं त्यांनी पंधरा वर्षं भाकऱ्या थापल्या. कपडे पिळायचे झाले की एक टोक दाताखाली धरायच्या. आम्ही सगळे ते बघत आलो आणि कुणाला त्यात काही वाटेनासं झालं.

चाळ पाडायची ठरली तेव्हा सगळ्यांनी आपापले पोटमाळे भंगारवाल्याला दिले. काकांनी दिला नाही. तो त्यांनीच बांधलेला होता, जुन्या सागाचा. चार दिवस लावून त्यांनी फळी न् फळी उतरवली, खिळे काढले, लाकूड सुतळीनं बांधलं आणि कलिन्याला भाड्याच्या खोलीत नेलं. बिल्डिंग होईस्तोवर चार वर्षं त्या ढिगावरच गोधडी टाकून झोपले. निलेशची बायको अक्षता रोज म्हणायची, या लाकडांत ढेकूण होतील. झाले नाहीत, पण ती म्हणायची थांबली नाही.

गेल्या साली बिल्डिंग उभी राहिली. आत नुसते सिमेंटचे ठोकळे दिसत होते, तेव्हा आम्हाला खोल्या बघायला बोलावलं. त्यांची सहाव्या मजल्यावर, माझी दुसऱ्या. मी त्यांच्याबरोबर वर गेलो होतो. निलेश हातानं दाखवत होता. ही बेडरूम आमची. हा हॉल, इथं सोफा-कम-बेड, त्यावर आई आणि प्रांजल. प्रांजल त्याची मुलगी, दहावीत जाणार होती.

"आणि मी खंय झोपतलंय?" काकांनी विचारलं.

निलेश मोबाइल बघायला लागला. अक्षता म्हणाली, "बाबांना गावीच बरं वाटेल ना? हवा चांगली असते."

गाव म्हणजे काय ते आम्हाला ठाऊक होतं. काकांच्या वाट्याला एक पडवी. बाकी घर पुतण्याचं, काशीरामचं. दोघांचं एका माडावरून बारा वर्षं वाजलेलं. काशीराम पडवीत शेणी रचून ठेवायचा आणि काका आले की कुरकुरत बाजूला करायचा.

काका स्वयंपाकघरामागे गेले. तिथं कपडे वाळत घालायला एक चिंचोळी बाल्कनी होती. खिशातून सुतळी काढली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत धरली, गाठ मारली. मग ती सुतळी स्वतःच्या अंगाला लावून बघितली. डोक्यावर बरीच उरली.

"माझी जागा मी बघलंय. सहा फूट आसा. थंय खाट करतंय."

निलेश हसला. "बसली तर ठेवा बाबा. नाही बसली तर मग गाव. नंतर कटकट नको."

"बसतली," काका म्हणाले.

मे महिन्यात कलिन्याच्या गॅलरीत त्यांनी खाट केली. वर पत्रा तापलेला, अंगात फक्त पट्ट्यापट्ट्यांची चड्डी, पाठीवरून घामाचे ओघळ कमरेपर्यंत. चौऱ्याहत्तर वय. रंधा मारताना छातीच्या फासळ्या मोजता यायच्या. खाचेत खाच बसवत होते, सरळ केलेले खिळे फक्त फळ्यांना. मी रिक्षा लावून जाता-येता बघायचो. काम झकास होतं. खाट झाली तेव्हा त्यांनी मला तिच्यावर झोपवलं. माझ्या वजनाला करकरलीसुद्धा नाही.

"पोटमाळ्याची खाट झाली," मी म्हटलं.

"माझ्या मापाची आसा. वर थोडी जास्त. म्हातारपणी पाय ताणूक बरां."

सामान हलवलं त्या दिवशी खाट लिफ्टमध्ये जाईना. काका पुढं आणि मी मागं, सहा मजले जिन्यानं चढलो. दर मजल्यावर टेकायचो, त्यांच्या छातीचा भाता वाजत होता. बाल्कनीत नेली, आडवी केली आणि ती भिंतीला अडकली. पुन्हा तिरकी करून घातली. नाही. अडीच-तीन बोटं जास्त होती.

काकांनी भिंतीवर हात फिरवला. ठोकळ्यांवर दोन्ही बाजूंनी प्लास्टर चढलं होतं, त्यावर टाइल. तेवढं अंतर भिंतींनी खाल्लं होतं. अख्खा जन्म पत्र्याच्या भिंतीत गेलेला माणूस. पत्रा आहे तेवढाच राहतो, त्यावर काही चढत नाही, म्हणून हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. मलाही त्यांचा राग आला, कारण सहा मजले माझीही कंबर मोडली होती.

निलेश दारात हाताची घडी घालून उभा होता. "नाही बसत, बाबा."

"थांब."

"ठरलं होतं आपलं."

"थांब म्हणतंय मां. नंद्या, घट्ट धर."

त्यांनी पिशवीतून करवत काढली. पायथ्याकडून तीन इंच. जिथं सगळ्यात सुबक सांधा जमला होता, नेमका तोच कापावा लागला. मी गुडघा टेकून खाट दाबून धरली होती. भुसा नव्या टाइल्सवर पडत होता आणि अक्षता झाडू घेऊन मागं उभीच होती. कापल्यावर खाट बसली. काकांनी कापलेले तुकडे पुसले, सुतळीत बांधले आणि खाटेखाली सरकवले.

"कशाला ठेवता?" अक्षता म्हणाली.

"लागतत," काका म्हणाले.

महिनाभर बरं गेलं. मग मशीन आलं. अक्षता सांताक्रूझला एका दाताच्या दवाखान्यात काउंटरवर असते, दिवसभर उभी. तिचंही चुकलं म्हणवत नाही. ती म्हणाली, "आईंच्या हातानं पिळणं होत नाही, मशीन लागणारच." काकूंच्या हातासाठी मशीन, आता त्याला नाही कोण म्हणणार. पाण्याचा नळ आणि मोरी बाल्कनीतच, म्हणजे मशीनही तिथंच. दोन फूट जागा हवी होती.

निलेशनं मलाच फोन केला. "नंदूदादा, जरा वर ये. धरायला माणूस हवाय."

मी गेलो. काका खाटेवर बसले होते, करवत मांडीवर. निलेश बापाशी बोलेना, माझ्याशी बोलत होता. "त्यांना विचार, कापायची की गावी जायचं. माझं काही म्हणणं नाही."

"दोन फूट कापली तर पावणेचार राहते रे," मी म्हटलं. "माणूस झोपणार कसा?"

"लहानपणी आम्ही तिघं कसे झोपायचो? पाय पोटाशी घ्यायचे. यांनीच शिकवलंय. काय बाबा, भागतं ना?"

काकांनी त्याच्याकडं बघितलं. मग खाली बघून फळीवर करवत ठेवली. या वेळी लाकूड घट्ट लागत होतं, करवत मध्येच अडकायची. मी म्हटलं, द्या माझ्याकडं. दिली नाही. काकू ओट्याजवळ पीठ मळत होत्या. एकदाही मागं वळून बघितलं नाही.

पावसाळा त्यांनी त्या पावणेचार फुटांत काढला. जाळीतून झड आत यायची. काकांनी कुठल्यातरी पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणला, कडेला भोकं पाडून सुतळीनं जाळीला बांधला. पाऊस अडला. पण वारा आला की हात जोडलेल्या पुढाऱ्याचं तोंड फडफडत त्यांच्या डोक्यावर यायचं. मशीन फिरायला लागलं की थरथरत सरकायचं आणि खाटेला धडका द्यायचं, तेव्हा काका उठून उभे राहायचे. गुडघे इतके आखडले की सकाळी सरळ व्हायला त्यांना भिंत धरून पाच मिनिटं लागायची. अंगात ओल धरली, खोकला लागला. हॉलमध्ये प्रांजल मोबाइलवर क्लास ऐकत असायची. ती म्हणायची, "आजोबा, प्लीज ना." मग ते तोंडात टॉवेलचा बोळा धरून खोकायचे.

एकदा अक्षताची आई आली. चांगली बाई, मुद्दाम नाही केलं तिनं. भाजीच्या पिशव्या घेऊन बाल्कनीत गेली आणि फळी आहे समजून खाटेवर भोपळा, मेथी, नारळ मांडून ठेवले. काका खाली चहा प्यायला आले होते माझ्याकडं. वर गेले तर झोपायला जागा नाही. भाजी काढायची कुठं ते कळेना म्हणून दुपारभर जिन्यात बसून राहिले. मी विचारलं तर म्हणाले, हवा खातंय.

मग गणपती आले. कोकणी माणसाला गणपती म्हटलं की निम्मी मुंबई गावाला जाताना दिसते, आमच्या बिल्डिंगचे चार मजले तर पार रिकामे होतात. गावाला माटवी बांधायचं काम काकांचं. गणपतीच्या वर लाकडी चौकट टांगायची आणि तिला कवंडळाची रानफळं, सुपाऱ्या, शेरवडाची पांढरी पानं, आंब्याचे टहाळे बांधायचे. त्यांच्यासारखी माटवी वाडीत कुणाची होत नाही, हे काशीरामसुद्धा मान्य करतो.

निलेश म्हणाला, "बाबा, यंदा तुम्ही आठ दिवस आधी पुढं व्हा. पडवी झाडा, माटवी बांधा. आम्ही आदल्या दिवशी गाडीनं येतो."

काकांचं तोंड असं उजळलं की काय सांगू. कित्येक दिवसांनी त्यांना कुणी काहीतरी करायला सांगितलं होतं.

"फक्त जायच्या आधी एक करा," निलेश म्हणाला. "दारात चपला पसरलेल्या असतात. ती खाट आता तशी कोणाच्या कामाची नाही. तिचा शू रॅक करून द्या."

"आणि आल्यार झोपाक?"

"आल्यावर फोल्डिंगचा पलंग आणू ना. नवा."

मला लिफ्टमध्ये निलेश भेटला. मी विचारलं, "तुमची तिकिटं कधीची?"

"प्रांजलची टेस्ट आहे. दहावीचं वर्ष. आम्ही नाही जात."

"काकांना सांगितलंस?"

"तू सांग."

"मी कशाला? बाप तुझा."

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. निलेशनं दार हातानं अडवलं आणि हळूच म्हणाला, "नंदूदादा, कोंबडा तूही म्हणायचास ना मला?" मी बाहेर पडलो. काकांना सांगायला मी सहाव्या मजल्यावर गेलो नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. धंद्याची वेळ होती, असं मी स्वतःला सांगत राहिलो.

तिसऱ्यांदा खाट कापली तेव्हा मला कुणी बोलावलं नाही. मी आपणहून वर गेलो. काका करवत चालवत होते आणि खाट धरून काकू बसल्या होत्या. उजवा हात फळीवर, डावं वाकडं मनगट त्यावर दाबून धरलेलं. करवत जरा तिरकी गेली तशा काकू म्हणाल्या, "सरळ कापा."

संध्याकाळपर्यंत रॅक झाला. तीन खण, खाली मोठ्यांच्या चपला, वर लहान, बाजूला छत्र्यांना खाच. कडा घासून गुळगुळीत केलेल्या. वर बसून बूट घालता येतील इतका मजबूत. अक्षतानं फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. "बाबा, काय मस्त केलंय. विकत घेतला असता तर केवढ्याला पडला असता." काका खुशीत होते. पहिल्या खणात त्यांनी स्वतःच्या टायरच्या सोलच्या चपला ठेवल्या. सकाळी घालायच्या होत्या म्हणून पुन्हा काढून दाराबाहेर ठेवल्या.

हायवेला बस सकाळची होती. मीच सोडलं. एक पिशवी, आणि सुतळीत बांधलेला तुकड्यांचा गठ्ठा. तिन्ही वेळचे तुकडे त्यांनी जपून ठेवले होते. बसच्या क्लीनरनं गठ्ठा बघितला आणि पायानं बाजूला सारला. "लाकूडफाटा नाही घेत, आजोबा. गणपतीचा टाइम आहे, डिकी फुल आहे."

"साग आसा रे."

"असू दे."

काकांनी गठ्ठा माझ्या रिक्षाच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवला. "तुझ्याकडं ठेव नंद्या. आल्यार जोडतलंय. फोल्डिंगचां कित्याक, ह्येच्यात भागतलां." मग ते बसमध्ये चढले. खिडकीतून मला हात केला. मला सांगायचं होतं, अजूनही वेळ होती, बस सिग्नलला दोन मिनिटं उभी होती. मी रिक्षा वळवली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी दुपारी मी खाली रिक्षा धूत होतो. जानकीकाकू आल्या. पायात नवी कोरी चप्पल होती.

"नंदू, ते तुकडे दी रे. मशीन थरथरता. खाली देवक होये."

"काकांनी जपून ठेवायला सांगितलेत. आल्यावर जोडणार आहेत."

"ते येवचे नाय."

"निलेश आणेल की नंतर. टेस्ट झाली की."

काकूंनी माझ्याकडं नीट बघितलं. "निलेशाचां काय घेवन बसलंस? एकच तिकीट काढ म्हणान मीच सांगलंय तेका." मग त्यांनी डावा हात उजव्यानं धरला. "त्येंच्याबरोबर पन्नास वर्षां भागवलंय. आता माका भागवूचां नाय."

मी घरात गेलो, गठ्ठा काढला. वर जाऊन सुतळी सोडली. मशीन तिरपं करून मी चारी कोपऱ्यांखाली तुकडे सरकवले. इतके बरोबर बसले की ठोकावंही लागलं नाही. उरलेले काकूंनी मशीनमागच्या फटीत कोंबले. बाल्कनीत आता भरपूर जागा होती. फ्लेक्स काढून टाकला होता, दोरीवर प्रांजलचे युनिफॉर्म वाळत होते. काकूंनी आत कपडे टाकले आणि बटण दाबलं. मशीन फिरायला लागलं, जागचं हललं नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. नंबर काशीरामचा होता, आवाज काकांचा.

"नंद्या, निलेश फोन उचलत नाय रे. गाडी खंय पोचली त्येंची? माटवी बांधलंय. यंदा कवंडळां काय झकास गावलीहत, प्रांजलाक दाखवची आसत."

मी काकूंकडं बघितलं. फोनमधला आवाज त्यांना ऐकू येत होता. मी फोन पुढं केला. त्यांनी तो घेतला नाही, मशीनच्या काचेत फिरणारे कपडे बघत राहिल्या.

"ट्रॅफिक आहे काका," मी म्हटलं. "पनवेललाच अडकलेत."

"होय तर, चतुर्थीची गर्दी." ते खोकले. बराच वेळ खोकले. "रात्रीपर्यंत येतले. मी दारात बसतंय. आणि माझे तुकडे आसत मां?"

"आहेत."

"भिजवू नको हां."

"नाही भिजवत," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मशीनच्या नळीतून थोडं पाणी गळत होतं. ओघळ टाइल्सवरून आला आणि पुढच्या तुकड्याखाली गेला. काकूंनी फडकं घेतलं, भोवतालची लादी पुसून कोरडी केली आणि मला विचारलं, चहा घेशील का. मी घेतला.